बबडीच्या जटा

मी घरोघरी जाऊन मांजरांना आंघोळ घालते, त्यांचे केस कापते. कोथरूडच्या एका आज्जींचा फोन आला, आमच्या बबडीला वास मारतोय गं, येऊन छान आंघोळ घालून दे. बबडी म्हणजे तेरा वर्षांची पर्शियन मांजर. गेले तर बाईसाहेब सोफ्याखाली, बाहेर काढलं तर पाठीपासून पोटापर्यंत नुसत्या जटा, काखेत बोट शिरायला जागा नाही. आज्जी म्हणे जरासा गुंता झालाय, ओलं केलं की सुटेल.

सगळ्यांना हेच वाटतं आणि ते बरोब्बर उलटं आहे. जटेवर पाणी पडलं की वाळताना ती अजून आवळते आणि खालची कातडी ओलीच राहते, पावसाळ्यात तर विचारूच नका. आणि कात्री तर अजिबात नाही. मांजराची कातडी इतकी पातळ आणि सैल की जट ओढली की तीही सोबत वर येते, केस कुठे संपले कळतच नाही, टाके पडलेली मांजरं पाहिलीयेत मी (घरच्यांनीच केलेलं असतं, प्रेमाने). म्हणून केस कापायचं मशीन, त्याला दहा नंबरचं ब्लेड, एका हाताने कातडी ताणून धरायची आणि मधेमधे ब्लेड मनगटाला लावून बघायचं तापलंय का.

"टकली करणार माझ्या लेकीला?" आज्जींचा जीव खालीवर. म्हटलं आज्जी, म्हातारपणी सांधे धरतात, मागे वळून चाटता येत नाही, ती आळशी नाही झालेली. तेव्हा कुठे टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं.

पाठीची जट अख्खी एका तुकड्यात निघाली, जुन्या गोधडीच्या चिंधीसारखी. मधेच बबडी तोंड उघडून धापा टाकायला लागली तेव्हा मशीन बंद, पंखा मोठा, कुणी हात लावायचा नाही. मांजर तोंडाने श्वास घेतंय म्हणजे थांबायचंच, पुढच्या कस्टमरचे कितीही फोन येवोत.

मग पुढचा डावा पाय. तिथे हात गेला आणि जी काय किंचाळली ती! वासही तिथूनच. केस बाजूला केले तर अंगठ्याचं नख गोल वळून पंज्याच्या स्वतःच्याच मऊ गादीत रुतलेलं, कडेने पू आणि पिवळट खपली. हे नख जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, त्यात म्हातारी मांजरं खरवडणं कमी करतात, नख जाड होत जातं आणि पर्शियनच्या केसांत दिसत पण नाही. आज्जी म्हणाल्या, "लंगडते ते मला वयामुळे वाटलं गं, माझा गुडघा नाही का तसाच."

नेलकटर हातातच होता पण लावला नाही. आत किती खोल गेलंय माहीत नाही, वेदना किती होईल सांगता येत नाही, ते डॉक्टरांचं काम. फोटो काढून त्यांच्या डॉक्टरांना पाठवला, मांजर न्यायचा कॅरिअर नव्हता म्हणून झाकणाची प्लॅस्टिकची बास्केट शोधली आणि रिक्षा करून दोघींना घेऊन गेले. डॉक्टरांनी नख कापून काढलं, जखम धुतली, औषध दिलं, चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर.

रात्री आज्जींचा फोन, केस कधी येतील? म्हटलं चार-सहा महिने. "मग तोवर स्वेटर विणते तिला." आज्जी, स्वेटर घासून परत जटा होतील. "बरं, मग बिनबाह्यांचा?"