ओली आहे तोवर

दुपारी गॅलरीत उभा होतो तर समोरच्या भिंतीवर एक पोरगा क्लासची जाहिरात चिकटवत होता, बादलीतली खळ फासली, कागद लावला, वरून परत एक हात फिरवला, झालं काम. आणि माझी बोटं शिवशिवली, की आत्ता ओली आहे तोवर निघेल!

खोड जुनीच. चौथीत असताना गावात सर्कस आली, शाळेच्या भिंतीवर हा एवढा सिंह. संध्याकाळी तांब्याभर पाणी मारून सोलायला घेतला तर तोंड आणि थोडी आयाळ हातात आली, बाकी सिंह भिंतीवरच, वर चुन्याचा पोपडा. आईने ते तोंड बंबात घातलं.

म्हणून १८९०च्या आसपासच्या पॅरिसचे पोस्टरवेडे मला एकदम घरचे वाटतात. १८८१च्या कायद्याने पोस्टरं लावायला मोकळीक मिळाली, चित्रकार ज्यूल शेरेने लिथोच्या, म्हणजे छपाईच्या, दगडांवरून रंगावर रंग चढवत भिंती नाचत्या केल्या, आणि ही मंडळी रात्री ओला स्पंज घेऊन बाहेर! नाहीतर चिकटवणाऱ्याचेच हात ओले करायचे. चित्रकार मुखाने नटी सारा बर्नार्डच्या नाटकासाठी केलेलं जिस्मोंदाचं पोस्टर तर दोन मीटरच्या वर उंच, ते अख्खं सोलणाऱ्याला माझा दंडवत.

मग १८९५ पासून शेरेच्या देखरेखीखाली सभ्य सोय झाली, गाजलेल्या पोस्टरांच्या छोट्या प्रती, महिन्याला चार, वर्गणी भरा आणि घरी घ्या. अधूनमधून दिलेल्या जादा प्रती धरून पाच वर्षांत २५६ निघाल्या. त्यातली एक माझ्याकडे आहे, चित्रकार स्टाइनलेनची, लाल झग्यातली छोटी पोर वाडग्यातून दूध पितेय आणि तीन मांजरं आशाळभूतासारखी वर बघतायत. पोर म्हणजे त्याचीच मुलगी कोलेत. खालच्या उजव्या कोपऱ्यात बिनशाईचा उठावाचा शिक्का आहे, फ्रेम करायच्या आधी मी त्यावरून बोट फिरवत बसायचो. मावशी बघून म्हणाली, "दुधाची जाहिरात लावलीस? चितळ्यांची का?"

पण एक खटकतंच. हा कागद बिचारा कधी भिंतीला लागलाच नाही, ना खळ ना पाऊस, वर्गणीदाराच्या घरात नीट झाकून राहिलेला. मला खरं तर कुणीतरी रात्री घाईत सोललेलं, एखादं मांजर भिंतीवरच राहून गेलेलं पाहिजे. असलं दुकानदार दाखवतसुद्धा नाहीत.

पोरगा सायकलवर टांग मारून गेला तसा मी खाली उतरलो आणि इकडे तिकडे बघून नखाने एक कोपरा उचकटून पाहिला. वाळला होता.