भिंतीकडे तोंड करून

आमच्या काकांचे स्पीकर भिंतीकडे तोंड करून बसतात. नाशिकला गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये नवखा माणूस आला की "उलटे लावलेत का हो?" असं विचारतोच, आणि काका त्या प्रश्नाची वाटच बघत असतात. बोस ९०१. काका मस्कतला नोकरीला होते, तिथून १९८४ साली जादा सामानाचे पैसे भरून आणलेले. एकेका खोक्यात साडेचार इंची नऊ स्पीकर. एक ऐकणाऱ्याकडे, बाकीचे आठ मागे.

परवा माझा मुलगा बोलून गेला, "आजोबा, बोस म्हणजे आता हेडफोनवाले. खरे कानसेन त्यांना विचारत नाहीत."

झालं. मग अमर बोसचं कीर्तन. वडील बंगालचे, स्वातंत्र्याच्या चळवळीतून अमेरिकेत गेलेले. मुलगा एमआयटीत शिकला, १९५६ साली महागडा स्टिरिओ घरी आणला आणि ऐकून खट्टू झाला. सभागृहात आपल्यापर्यंत पोचतो तो बहुतेक आवाज भिंतींना आपटून आलेला असतो, मग स्पीकरनंही तसंच का करू नये? १९६४ ला कंपनी, १९६८ ला हे ९०१.

माझ्या मुलाचंही अगदी चूक नाही. कानसेनांमधला बोसचा मान पहिल्यापासूनच वादातला. १९७० मध्ये एका अमेरिकन ग्राहक मासिकानं लिहिलं की या स्पीकरवर व्हायोलिन दहा फूट रुंद वाटतं, पियानो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतो आणि वाद्यं खोलीभर हिंडतात. बोसनं खटला भरला. वाद्यं 'खोलीभर' हिंडतात की नुसती 'भिंतीलगत', एवढ्या शब्दावर भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८४ मध्ये बोस हरले. म्हणजे काका मस्कतहून खोकी उचलत होते त्याच वर्षी! हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. पुढे कंपनीनं मुठीएवढे स्पीकर भारी किमतीला विकले, तेव्हा तर कानसेनांनी नाकच मुरडलं.

दहा फूट रुंद व्हायोलिन मलाही नको. पण तंबोरा? तंबोरा कुठे एका जागी बसलेला असतो? तो खोलीभरच असायला हवा. पिंपळपारावर पाडवा पहाटेला बसलेल्यांना हे सांगावं लागत नाही. तिथे सूर जुन्या वाड्यांना लागून परत येतो आणि गवय्यापेक्षा गल्लीच गातेय असं वाटतं. काकांकडे भूप लावला की थोडंसं तसंच होतं. गाणारीचा आवाज जरा पसरतो, कबूल. तंबोरे मात्र घर भरतात.

गंमत म्हणजे भिंतींना बोलकं करणाऱ्या या कंपनीला आज लोक ओळखतात ते बाहेरचा आवाज बंद करणाऱ्या हेडफोनमुळे. आणि २०२४ मध्ये तिनं विकत काय घेतलं, तर मॅकिंटॉश! निळ्या मीटरचे ते अॅम्प्लिफायर म्हणजे कानसेनांचं देवघर. मुलानं ही बातमी फोनवर दोनदा तपासली.

काका काही बोलले नाहीत. रेकॉर्ड लावली, डोळे मिटले. षड्ज लागतोय तोच काकूंनी उन्हासाठी मागचा जाड पडदा ओढला, आणि तंबोरे एकदम कपाटात ठेवल्यासारखे झाले.

"अगं, पडदा!"

"सोफ्याचा रंग उडतो," काकू म्हणाल्या.