दोन्ही फिल्मवर एकाच जागी

मी एक्स-रे विभागात काम करते, पण आमचे पेशंट म्हणजे घन इंधनाने भरलेल्या रॉकेट मोटर. इमारतीत शिरताना दाराजवळच्या तांब्याच्या पट्टीवर तळहात टेकवायचा, अंगातली स्थिर वीज उतरवायची, मगच आत पाऊल. मोबाइल बाहेरच.

त्या दिवशी बूस्टरची, म्हणजे क्षेपणास्त्राला सुरुवातीचा रेटा देणारी, मोटर आली होती. नव्या अप्रेंटिसने विचारलं, "मॅडम, क्षेपणास्त्रात रॅमजेट आहे ना? मग ही कशाला?"

पोराने बरोबर जागी बोट ठेवलं होतं. जेट इंजिन प्राणवायू बाहेरच्या हवेतून घेतं, म्हणून बरोबर फक्त इंधन न्यावं लागतं. पण रॅमजेटला हवा दाबणारा पंखा नसतो. वेगाने तोंडात घुसलेली हवा आपोआप दाबली जाते, त्यावर ते चालतं. जागेवर उभं असेल तर ते नुसतं नळकांडं. ब्रह्मोसमध्येही आधी घन इंधनाचा बूस्टर ध्वनीचा वेग ओलांडून देतो, मग रॅमजेट त्याला सुमारे २.८ मॅकपर्यंत, म्हणजे ध्वनीच्या २.८ पट वेगापर्यंत, नेतं.

बूस्टरला हवा लागतच नाही. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि सगळं धरून ठेवणारा रबरासारखा बाइंडर कालवून मोटरमध्ये ओततात, ओव्हनमध्ये घट्ट करतात. प्राणवायू त्या परक्लोरेटमध्येच असतो. मधोमध चांदणीच्या आकाराचं भोक ठेवतात, म्हणजे जळणारा पृष्ठभाग फार वाढत-घटत नाही. पृष्ठभाग वाढला की दाब वाढतो, आणि दाब हाताबाहेर गेला की मोटर फुटते.

संध्याकाळी फिल्म व्ह्यूअरवर लावली. कडेला, इंधन आणि लायनर (कवचाच्या आतला थर) जिथे चिकटतात तिथे, केसाएवढी काळी रेघ. साहेब मान वाकडी करून बघत म्हणाले, "ओरखडा असेल. डेव्हलप करताना नख लागलं असेल कोणाचं." असतंही तसं बरेचदा. शिवाय माल पाठवायची तारीख डोक्यावर होती.

मी म्हटलं, पुन्हा घेऊ. एकाच कॅसेटमध्ये दोन फिल्म घातल्या; ओरखडा असेल तर दोन्हींवर एकाच जागी उमटणार नाही. रेघ किरणांच्या अगदी ओळीत असली तरच दिसते, म्हणून मोटर एक-दोन अंश फिरवत आणखी तीन वेळा घेतलं. अप्रेंटिस अंधाऱ्या खोलीतून ओल्या फिल्म घेऊन आला तेव्हा साडेआठ वाजले होते.

पहिल्याच कोनात रेघ दोन्हींवर होती, त्याच जागी. इंधन लायनरपासून सुटलं होतं. आग त्या फटीत शिरली असती तर आतल्या भोकाबरोबर बाहेरची बाजूही पेटली असती, आणि ज्वाळा थेट कवचाला भिडली असती.

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मेणाची पेन्सिल अप्रेंटिसच्या हातात दिली. त्याने दोन्ही फिल्मवर गोल काढले, दुसरा जरा वाकडाच. अहवालावर साहेबांनी 'नापास' लिहून सही केली आणि पाठवणीच्या विभागाला फोन लावायला ते स्वतःच उठले.