गळती रिव्हेटपाशीच थांबते : आमच्या कार्यशाळेची वाटचाल

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, पीटरबरो शहराबाहेर आमची कार्यशाळा आहे आणि तिथे मासेमारीच्या ॲल्युमिनियम बोटींची गळती दुरुस्त होते. आम्ही इंजिनाचे काम घेत नाही, फायबरच्या बोटी घेत नाही आणि नव्या बोटी विकत नाही. चौदा ते अठरा फुटांची, रिव्हेट मारलेली (म्हणजे पत्रे धातूच्या खिळ्यांनी ठोकून जोडलेली) बोट, तिचा तळ, तिची कील (तळाचा मधला कणा) आणि तिचा ट्रान्सम (इंजिन बसते ती मागची भिंत) एवढेच आमचे क्षेत्र. एवढ्याशा कामावर घर कसे चालते, असे नाशिकचे नातेवाईक अजूनही विचारतात. या भागात राइस लेक आहे, कावार्था तळ्यांची रांग आहे, जॉर्जियन उपसागरापर्यंत ३८६ किलोमीटर जाणारा ट्रेंट-सेव्हर्न जलमार्ग आहे, आणि काठावरच्या कितीतरी घरांच्या धक्क्याला अशी एखादी जुनी बोट बांधलेली दिसते. काम कमी पडण्याचे कारणच नव्हते. तरीही ते एकदा पडले, आणि ते का पडले हे लिहून ठेवावे असे बरीच वर्षे मनात होते.

माझे हात नाशिकजवळच्या ओझरला, विमानाच्या कारखान्यात तयार झाले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा नाशिक विभाग १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला, आणि पुढे आमच्या पंचक्रोशीतील अनेक मुले आयटीआय करून तिथे लागली. मीही त्यांपैकी एक. भोक पाडल्यावर त्याची बर (कडेला उरलेली धारदार कोर) काढल्याशिवाय पत्रे एकमेकांवर ठेवायचे नाहीत, रिव्हेटचा दांडा पत्र्याबाहेर स्वतःच्या जाडीच्या दीडपट राहिला पाहिजे, ठोकल्यावर मागचे डोके जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच झाले पाहिजे, हे तिथल्या उस्तादांनी आमच्या अंगवळणी पाडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ग्रुमन या अमेरिकन विमान कंपनीने ॲल्युमिनियमची कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) बनवायला घेतली, आणि विमानाच्या पत्र्यावरची ही विद्या तळ्यांवर उतरली. म्हणून मी अभिमानाने सांगतो की आमच्या कार्यशाळेत जे चालते ते विमानाच्या कारखान्यातले काम आहे, आणि बोटीचा तळ विमानाच्या पंखाइतक्याच काळजीने पाहिला पाहिजे अशी माझी धारणा आहे.

भरीव रिव्हेटला दोन माणसे लागतात. एक बाहेरून गन, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा हातोडा, धरतो आणि दुसरा आतून डॉली धरतो. सुरुवातीला पगारी मदतनीस ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून डॉली माझ्या पत्नीने धरली. आमची जुनी डॉली म्हणजे कडक पोलादाचा, दोन बाजूंनी घासून गुळगुळीत केलेला एक ओबडधोबड ठोकळा; तो बोटीच्या बरगडीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे माणसाचा हात जेमतेम पोहोचतो तिथे, रिव्हेटच्या दांड्याला अगदी काटकोनात टेकवून धरावा लागतो. गन चालू झाल्यावर तो किंचित जरी कलला तरी मागचे डोके तिरके बसते आणि तो रिव्हेट पुन्हा पोखरून काढावा लागतो. बाहेर मला काही कळण्याआधी आतून आवाज येई, "अहो, थांबा, तिरका गेला." त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. आजही नव्या मुलाला डॉली धरायला त्याच शिकवतात, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या बोटीत उतरत नाही.

गळती शोधण्याची आमची रीत सोपी आहे. घाई करणाऱ्याला तेवढी मात्र ती जमत नाही. बोट ट्रेलरवर ठेवून कीलखाली लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यायचा, कारण दोनशे लिटर पाणी भरले की तळावर दोनशे किलोचा भार येतो आणि कमजोर शिवण (दोन पत्र्यांचा रिव्हेट मारलेला जोड) त्या भारानेच उसवते. मग आत पाणी सोडायचे आणि बाहेरून कोरड्या तळाकडे पाहत बसायचे. जिथे थेंब धरतो तिथे खूण करायची. ही खूण शिसपेन्सिलीने कधीही करू नये. शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट ओलाव्यात ॲल्युमिनियमला खाते, आणि ओझरला तशी रेघ ओढणाऱ्याची धडगत नसे. आम्ही मार्कर वापरतो. पाण्याआधीही डोळ्यांना पुष्कळ दिसते. सैल झालेल्या रिव्हेटभोवती काळपट कडे उठते, कारण पत्रा आणि रिव्हेट एकमेकांवर घासून झिजत असतात. असे कडे इंजिनाजवळच्या शिवणीत आणि मधल्या बाकाच्या खाली हमखास सापडते.

जो रिव्हेट नुसता ढिला आहे तो पुन्हा ठोकून घट्ट होतो. ज्याचे भोक मोठे झाले आहे तो काढून एक माप जाड रिव्हेट घालावा लागतो, खाली सीलंटचा पातळ थर देऊन. जिथे आतून हात पोहोचतच नाही तिथे बंद टोकाचे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येणारे पोकळ रिव्हेट) चालतात. उघड्या टोकाचे पॉप रिव्हेट पाण्याखाली लावणारा कारागीर माझ्या लेखी कारागीर नव्हे.

आता त्या वाईट काळाविषयी. २००८ च्या मंदीनंतर लोकांनी नव्या बोटी घेणे थांबवले होते आणि दुरुस्तीचे काम वाढायला हवे होते. त्याच सुमारास आमच्यापासून थोड्या अंतरावर एक दुसरी कार्यशाळा सुरू झाली. तिचे नाव मी घेणार नाही. तिथे बोट आतून धुऊन, जुजबी घासून, सगळ्या शिवणींवर इपॉक्सीचा (दोन द्रव मिसळले की कडक होणाऱ्या लेपाचा) जाड थर ओतून दुसऱ्या दिवशी परत देत असत. दर आमच्या निम्म्याहून कमी. इपॉक्सीला माझा विरोध नाही; घट्ट रिव्हेटांवर, स्वच्छ पत्र्यावर तो उत्तम काम करतो. पण रिव्हेट ढिले ठेवून वर लेप दिला तर शिवण हलतच राहते, लेपाला केसाएवढी चीर पडते, तिच्यातून शिरलेले पाणी लेप आणि पत्रा यांच्यामध्ये साचते, हिवाळ्यात ते गोठून फुगते आणि शिवण पूर्वीपेक्षा जास्त उघडते. शिवाय नंतर तो लेप खरवडून काढल्याशिवाय कोणालाही खालचा रिव्हेट दिसत नाही.

जिथे लेप टिकला नाही तिथे ते थेट वेल्डिंग करू लागले. या बोटींचा पत्रा बहुतेक ५०५२ जातीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा, कारखान्यात दाबून कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याच्या दोन्ही बाजूंचा कडकपणा जातो आणि शेजारचे रिव्हेट सैल होतात. त्यात ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याला वितळायला दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. तो पापुद्रा स्टेनलेस स्टीलच्या वेगळ्या ब्रशने काढला नाही तर टाका वरून सुंदर दिसतो आणि आतून पोकळ राहतो. फाटलेल्या पत्र्याला आम्हीही टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आवरणाखाली) करतो, ५३५६ जातीची ॲल्युमिनियमची तार वापरून. रिव्हेटच्या डोक्यावर वेल्डिंग आम्ही कधी केले नाही आणि करणारही नाही.

त्या काळात आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक एक रिसॉर्ट होते. त्यांच्या भाड्याच्या बोटींचा सगळा ताफा हिवाळ्यात आमच्याकडे येई. एका उन्हाळ्यात, आम्ही रिव्हेट बदललेली त्यांची एक बोट रात्रीत धक्क्यालाच पाण्याने भरली. त्या नव्या कार्यशाळेच्या मालकाने रिसॉर्टवर जाऊन सांगितले की रिव्हेटचे काम आता कालबाह्य झाले आहे आणि हा त्याचा पुरावा. मी ती बोट आणवली आणि रिसॉर्टच्या मालकासमोर आत पाणी भरले. एकही रिव्हेट पाझरला नाही. पाणी येत होते ते ट्रान्सममधल्या निचऱ्याच्या पितळी नळीभोवती; पितळेने शेजारचे ॲल्युमिनियम खाल्ले होते. ती नळी बदलायला हवी असे आम्ही आधीच्याच बिलावर लेखी कळवले होते आणि खर्च नको म्हणून त्यांनी ते काम वगळले होते. त्यांनी सगळे पाहिले, मान हलवली, आणि तरीही आमचे थकलेले पैसे अडवून पुढच्या हिवाळ्यात सगळा ताफा तिकडे पाठवला. मला खोटे ठरवले असते तर मी भांडलो असतो. खरे ठरूनही काम गेले, याचा सल अजून गेलेला नाही. त्या हिवाळ्यात कॉम्प्रेसर विकावा लागला आणि जागेचे भाडे थकले.

आम्हाला तारले ते राइस लेकवरच्या एका वयस्क मासेमारी मार्गदर्शकाने. वॉलाय आणि मस्की या माशांमागे पाहुण्यांना घेऊन हिंडणे हा त्यांचा व्यवसाय, त्यामुळे बोट हेच त्यांचे पोट. त्यांच्या सोळा फुटी बोटीचा तळ आम्ही अगदी सुरुवातीच्या दिवसांत केला होता. आमची अवस्था कानावर गेल्यावर ते आले आणि म्हणाले, "माझी बोट कोरडी आहे. ती का कोरडी आहे हे मी लोकांना सांगतो, तुम्ही फक्त दुकान बंद करू नका." नुसते बोलून ते थांबले नाहीत. त्यांनी आपल्या ओळखीच्या मार्गदर्शकांच्या बोटी ऐन हिवाळ्यात स्वतःच्या ट्रकने ओढून आणल्या आणि प्रत्येकाकडून निम्मे पैसे आगाऊ घेऊन दिले. त्या पैशांतून जुनाच कॉम्प्रेसर आम्ही परत विकत घेतला. पुढे दोन-तीन हिवाळ्यांत लेप दिलेल्या बोटी शिवणी उसवून आमच्याच दारात येऊ लागल्या, रिसॉर्टच्याही आल्या. त्यांचे लेप खरवडण्याचे पैसे मी पूर्ण लावले. त्या मार्गदर्शक गृहस्थांच्या बोटीची तपासणी मात्र ते हयात असेपर्यंत आम्ही विनामूल्य केली.

त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली.

बोट असलेल्या आपल्या मराठी मंडळींना, आणि टोरोंटोकडून सुट्टीला येणाऱ्यांपैकी आता बऱ्याच जणांकडे ती आहे, चार गोष्टी सांगतो. ट्रान्समचे लाकूड कुजले म्हणून दुकानातले हिरवट, प्रक्रिया केलेले प्लायवुड आणून बसवू नका. २००३ अखेर घरगुती वापरातून आर्सेनिकयुक्त लाकूड गेले आणि त्याच्या जागी जास्त तांब्याचे आले. ओलाव्यात ते तांबे ॲल्युमिनियमला अक्षरशः भोके पाडते. साधे मरीन प्लायवुड घ्या आणि सर्व बाजूंनी, बोल्टच्या भोकांसह, इपॉक्सीने बंद करा. तळात सुटे नाणे, शिशाची वजने किंवा ओला गालिचा पडू देऊ नका. २०२२ पासून ओंटारियोत बोट रस्त्याने नेण्यापूर्वी निचऱ्याचे बूच काढून पाणी सोडणे कायद्यानेच बंधनकारक आहे. झेब्रा शिंपल्यांसारख्या परक्या जीवांसाठी तो नियम आहे, पण तळाच्या आयुष्यासाठीही तो पाळा. इंजिन बोटीच्या पाटीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा मोठे लावू नका, कारण बहुतेक शिवणी तिथूनच सैल व्हायला लागतात.

आणि बोट मे महिन्यात, हंगाम उघडण्याच्या आदल्या आठवड्यात आणू नका. ऑक्टोबरात, पाणी गोठण्यापूर्वी आणा. आत साठलेला कचरा धुऊन, बाक आणि फळ्या काढून आणलीत तर तुमचे पैसे वाचतील आणि आम्हाला पहिल्याच दिवशी पाणी भरून पाहता येईल.