आमची वाटचाल : कढई उतरल्यानंतर

वरूडच्या परिसरात संत्र्याचे मार्मालेड, म्हणजे सालीचे काप घातलेला जेलीसारखा मुरंबा, करणाऱ्याला लोक हटकून एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे सालीचा कडूपणा कसा काढता. साल किती वेळा उकळून पाणी फेकावे, साखर कधी घालावी, याची चर्चा आमच्याही अंगणात पुष्कळ झाली. परंतु २००९ पासून आजवर आमचे जे नुकसान झाले आणि जे नाव झाले, ते सगळे कढई उतरल्यानंतरच्या दीड-दोन तासांत झाले, आणि त्याविषयी कोणी चकार शब्द विचारत नाही.

वाफेच्या जॅकेटची (दुहेरी भिंतीत वाफ सोडून तापवायची) १०० लिटरची एक केटल, बाटल्या भरायला पायाने दाबायचा पिस्टन फिलर आणि पाकातली साखर मोजायला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर एवढ्या सामग्रीवर आम्ही सुरुवात केली. तो रिफ्रॅक्टोमीटर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्या काचेवर चरे पडले असले तरी उजेडाकडे धरून ६८ ब्रिक्सची (म्हणजे सुमारे ६८ टक्के साखरेची) रेघ पाहिल्याशिवाय मला वाफ बंद करवत नाही. पाक १०५ अंशांच्या आसपास तयार होतो, पण त्याच उकळीत तो बाटलीत ओतला तर सालीचे काप वर तरंगतात आणि खाली नुसती जेली राहते. म्हणून तो हलक्या हाताने ढवळत ८५ अंशांपर्यंत उतरवावा लागतो, आणि त्याखाली फार उतरू दिला तर जेली धरू लागते, पिस्टन ती मोडतो, शिवाय झाकण निर्जंतुक करण्याइतकी उष्णताही उरत नाही. भरण्याचे सगळे कौशल्य या थोड्याशा अवधीत आहे. बाटल्या आधी कोमट केलेल्या हव्यात, नाहीतर काच तडकते. झाकण लावल्यावर बाटली दोन-तीन मिनिटे उलटी ठेवावी. नव्याने धंद्यात येणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, भरताना पातळी पाहू नका, काट्यावर वजन करा, कारण गरम माल फुगलेला असतो आणि निवल्यावर बाटलीत खाली बसतो.

२०११ च्या एप्रिलअखेरीस मृगबहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या बहाराच्या) शेवटच्या फळांचा माल चालू होता. भारनियमनामुळे, भरलेल्या बाटल्या ज्या पाण्यात निववतो त्या हौदाचा पंप दुपारभर बंद राहिला, छतावरच्या काळ्या टाकीतले पाणी हात घालवणार नाही इतके तापले होते, आणि गाडी दारात उभी होती. बाटल्या सुमारे ७० अंशांवर असतानाच खोक्यांत भरण्याचा निर्णय माझाच होता, तो मी कोणावर ढकलत नाही. अमरावतीच्या ज्या बेकरीवाल्या काकांनी पहिल्या वर्षापासून आमचा माल घेतला, त्यांनी आठवड्याने बोलावून घेतले आणि काउंटरवर दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक खोक्याच्या कोपऱ्यातली, मधासारखी पिवळी. दुसरी मधल्या ओळीतली, काकवीसारखी काळपट आणि हलवली तर आत सैल डुचमळणारी. २४ बाटल्यांच्या खोक्यात बाहेरच्या १६ बऱ्या होत्या आणि मधल्या ८ वाया गेल्या होत्या, कारण थप्पीत दाबून राहिलेली उष्णता दोन दिवस बाहेर पडू शकली नाही, रंग करपला आणि आंबट पाकातले पेक्टिन, ज्याने जेली धरते, ते सैल पडले. काकांनी सगळी खोकी परत केली, पण हिशेबाच्या वहीत पुढची मागणीही लिहिली.

जवळच्याच एका कारखानदाराने मात्र आम्ही मार्मालेडमध्ये काकवी मिसळतो, असे दुकानोदुकानी सांगितले आणि किलोमागे भाव पाडून आमची निम्मी गिऱ्हाइके नेली. आमच्या मालात साखरेशिवाय गोडीचे काही नव्हते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याच महिन्यात एका सल्लागाराने चिलरचा (हौदाचे पाणी गार करणाऱ्या यंत्राचा) जो खर्च सांगितला, त्यात आमचा कारखाना दोनदा विकत घेता आला असता.

मार्ग काढला तो आमच्या पहिल्या भागीदाराने. हे गावातले कूलरचे मिस्त्री. त्यांनी पैशाऐवजी हात घातले होते. त्यांचे म्हणणे असे की, मे महिन्यात आपल्याकडचा कूलर थंडावा देतो तो हवा कोरडी असते म्हणून, मग त्याच हवेने हौदाचे पाणी का निवणार नाही? त्यांनी वूडवूलच्या (लाकडाच्या बारीक किसाच्या) जाळ्या, जुना पंखा आणि फवाऱ्याची नळी यांचा पुरुषभर उंचीचा मनोरा उभा केला, आणि बाहेर ४४ अंश असताना हौदाचे पाणी २७ अंशांवर आणून दाखवले. जुलैच्या उमसीत तोच मनोरा ३० च्या खाली जात नाही, म्हणून पावसाळ्यात आम्ही घाणे कमी करतो. हौदांचे टप्पे मात्र तीन ठेवले: पहिले पाणी ६० अंशांचे, मग ४५ चे, शेवटी मनोऱ्याचे. पाण्यात क्लोरीन हवेच, कारण निवताना झाकणाखाली निर्वात पोकळी होते आणि तिच्या ओढीने पाण्याचा थेंब आत जाऊ शकतो. बाटली ४० अंशांवर बाहेर काढावी. उरलेल्या उबेवर झाकण आपोआप कोरडे होते आणि गंजत नाही.

हिंगण्यात वेदनाशामक मलम करणाऱ्या माझ्या मावसभावाचेही दुखणे हेच निघाले. तो मलम फार गरम भरत असे, त्यामुळे डबीच्या मधोमध खड्डा पडे आणि कापराचा वास हवेत जाई. स्क्वॅश करणाऱ्यांनीही केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, माल टिकवण्याची पूड) गरम पाकात टाकू नये, पाक निवल्यावरच टाकावे, नाहीतर त्याचा वायू वाफेबरोबर उडून जातो.

२०१४ नंतरची वर्षे सुरळीत गेली, त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. बेकरीवाले काका आता थकले आहेत, पण खोके आले की मुलाला मधल्या ओळीतलीच बाटली काढायला लावतात आणि ट्यूबलाइटसमोर धरून सालीचे काप मध्ये तरंगत आहेत ना, ते पाहतात. गेल्या उन्हाळ्यात त्या कारखानदाराचा माणूस मिस्त्रींचा पत्ता विचारायला आमच्याकडे आला होता. पत्ता मी दिला, हौदांचे आकडे दिले नाहीत. आता येथे लिहिलेच आहेत, तेव्हा त्यांनाही वाचता येतील.