तुम्ही विचारलंत म्हणून : ग्रिमरॉकच्या चौकोनांविषयी

‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’ हा संगणकावरचा गेम घ्यावा का, असे मला वरचेवर विचारले जाते, आणि पडद्यावर तो चालू असताना कोणी पाहिला तर पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : यात माणसे अशी उड्या मारल्यासारखी चौकोनाचौकोनाने का चालतात? विचारणाऱ्यांत माझा भाचा असतो, कार्यालयातील तरुण सहकारी असतात, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने रात्री भुयारात कशाला फिरावे असे मनात असूनही तोंडाने गेमचीच चौकशी करणारे शेजारीही असतात. आजवर मी सर्वांना ‘खेळून पाहा’ एवढेच सांगत आले. ते उत्तर आळसाचे होते. या खेळाचे गुण आणि दोष दोन्ही त्या चौकोनातूनच निघतात, आणि तो चौकोन समजावून सांगायचा तर थोडे सविस्तर बोलावे लागते.

खेळाची मांडणी अगदी साधी आहे. चार कैद्यांना हवेत तरंगणाऱ्या एका जहाजातून ग्रिमरॉक पर्वताच्या शिखरावर आणून आतल्या विवरात ढकलून दिले जाते; जो पायथ्यातून जिवंत बाहेर पडेल त्याचे सर्व गुन्हे माफ. आपण या चौघांच्या डोळ्यांनी पाहतो आणि चौघेही एकाच ठोकळ्यासारखे एकत्र हलतात, दोघे पुढच्या रांगेत, दोघे मागे. सगळे भुयार सारख्या आकाराच्या चौकोनांत विभागलेले असते, एक कळ दाबली की एक चौकोन पुढे, दुसरी दाबली की काटकोनात वळण. तिरके पाऊल नाही, अर्धे पाऊल नाही. मात्र काळ थांबत नाही. तुम्ही विचार करत उभे असता तेव्हा समोरचा राक्षस चालत येतच असतो.

ही पद्धत या गेमची नव्हे. १९८१ च्या ‘विझर्ड्री’ या गेममध्येही पावले अशीच पडत, आणि १९८७ मध्ये अटारी एसटी संगणकावर आलेल्या ‘डंजन मास्टर’ने त्या पावलांना न थांबणारा काळ जोडला; १९९१ च्या ‘आय ऑफ द बिहोल्डर’ने तीच वाट पुढे नेली. तेव्हा चौकोन ही सक्ती होती. त्या काळच्या यंत्रांना मोकळे त्रिमितीय दृश्य झपाट्याने रेखाटणे झेपत नसे, म्हणून ठरावीक अंतरावरच्या भिंतींची चित्रे आधीच काढून ठेवत आणि प्रत्येक पावलाला ती बदलत. पुढे १९९२ च्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’मध्ये खेळाडू हवे तिकडे चालू लागला, वर पाहू लागला, आणि काही वर्षांतच चौकोनी भुयारे मागे पडली. फिनलंडमधील ‘ऑलमोस्ट ह्यूमन’ या चौघांनी सुरू केलेल्या छोट्या संस्थेने एप्रिल २०१२ मध्ये ग्रिमरॉक आणला तेव्हा अशी कोणतीच सक्ती उरलेली नव्हती. मशालीच्या उजेडात दगडाचा खडबडीतपणा दिसावा, सावल्या भिंतीवर हलाव्यात, हे सगळे त्यांना करता येत होते आणि त्यांनी केलेही. तरी पाऊल मात्र मुद्दाम चौकोनातच ठेवले. म्हणून हा गेम जुनाट नाही. जुन्या घराचा आराखडा आवडला म्हणून नव्या विटांनी तेच घर पुन्हा बांधावे, तसा तो आहे.

चौकोनाने काय साधले? जागा मोजता येऊ लागली. मोकळ्या जगात फिरताना ‘तिकडे डावीकडे कुठेतरी एक दार होते’ अशी आठवण राहते. ग्रिमरॉकमध्ये ‘जिन्यापासून चार पुढे, दोन डावीकडे’ अशी राहते. गेम सुरू करताना ‘ओल्ड स्कूल’ नावाचा पर्याय निवडला तर आपोआप उमटणारा नकाशा मिळत नाही आणि तो स्वतःच्या हाताने काढावा लागतो. मी भाच्याच्या शाळेच्या दप्तरातून उरलेला आलेखकागद घेऊन बसले होते. दुसऱ्या की तिसऱ्या मजल्यावर दोन दालनांच्या मध्ये माझ्या कागदावर दोन चौकोनांची जागा कोरी राहिली, सगळीकडे भिंत, कोठून वाट नाही. इतकी जागा कोणी उगाच वाया घालवणार नाही, या एकाच विचाराने मी त्या भिंतीची प्रत्येक वीट जवळ जाऊन पाहिली, आणि एका विटेवर नखाएवढा खटका सापडला. भिंत सरकली. आत एक चिलखताचा तुकडा होता. पुढे तो मी कधी वापरलाही नाही. पण कागदावरच्या एका कोऱ्या जागेने मला जे सांगितले होते ते खरे ठरले, याचा आनंद कोणत्याही तलवारीपेक्षा मोठा होता. भुयारे धुंडाळण्याच्या अशा खेळांना ‘डंजन क्रॉलर’ म्हणतात; ते म्हणजे काय असे भाच्याने विचारले तेव्हा मी त्याला देवगिरीच्या किल्ल्यातील अंधारीची आठवण करून दिली. शत्रूला चुकवण्यासाठी खोदलेल्या त्या वळणावळणाच्या काळोखात आम्ही दोघे एकदा गाइडच्या मागोमाग गेलो होतो, आणि आता गाइड नाही असे समज, एवढेच मी म्हटले.

कोडी हा या खेळाचा प्राण आहे. पाय पडताच दबणारी फरशी, ती दबली तरच उघडे राहणारे लोखंडी जाळीचे दार, आणि फरशी खड्ड्याच्या पलीकडे : मग खिशातला दगड पलीकडे फेकायचा. दगड नसेल तर शिरस्त्राण फेकायचे, काहीच नसेल तर ज्यावर जीव जगवायचा तो खाण्याचा तुकडाही. येथे वस्तूला वजन आहे, फेकलेली वस्तू कुठेतरी पडते आणि पडून राहते, आणि हे साधे नियम एकदा कळले की पुढची कोडी त्यांच्याच नव्या जुळण्यांतून तयार होतात. याउलट खटका ओढून मिटत जाणाऱ्या जमिनीवरून धावण्याची जी कोडी आहेत, ती मला आवडत नाहीत. उत्तर पहिल्याच फेरीत कळलेले असते आणि पुढच्या पंधरा फेऱ्या फक्त बोटांच्या चपळाईसाठी खर्ची पडतात. शिवाय भिंतींवरचे आणि चर्मपत्रांवरचे संकेत आडवळणाच्या इंग्रजीत लिहिलेले आहेत; ज्याला ती भाषा पुस्तकापुरतीच येते त्याने एखाद्या ओळीवर अडकल्यास स्वतःच्या बुद्धीला दोष देऊ नये.

आवाजाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. भुयारात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे कान आपोआप टवकारतात : कुठे दगडी दार सरकले, कुठे काहीतरी ओले घसटत गेले. मशाल जळत संपत येते, भूक वाढते, आणि गोगलगायीला मारले की तिच्याच मांसाचा तुकडा शिध्यात जमा होतो. पहिल्या तासात याची भीती वाटते. नंतर लक्षात येते की नीट शोधणाऱ्याला अन्न पुरते आणि मशालीही पुरतात, आणि ती भीती विरून नुसती हिशेबाची सवय उरते.

आता लढाई, आणि येथे तोच चौकोन खेळावर उलटतो. राक्षसही चौकोनातच चालतो, त्यालाही वळायला क्षणभर लागतो, आणि घाव घालण्यापूर्वी त्याला तुमच्याकडे तोंड करावे लागते. म्हणजे दोन गुणिले दोन चौकोनांची मोकळी जागा मिळाली की काम झाले : त्याच्या बगलेत सरकायचे, एक वार करायचा, तो वळेपर्यंत पुन्हा बाजूला सरकायचे. जगभरचे खेळाडू याला नाच म्हणतात. मला तो आट्यापाट्यांचा खेळ वाटतो, फक्त यातला पाटीवाला कधीच काही शिकत नाही. ही युक्ती जमली की तुमच्यापेक्षा कितीतरी बलवान प्राणीही ओरखडा न उठता लोळवता येतो, आणि जमली नाही तर साधा प्राणीही भारी पडतो. चौघांचे बळ, शस्त्रे, वर्षभराच्या मेहनतीने वाढवलेले कौशल्य, हे सगळे त्या सरकण्यापुढे दुय्यम होते. गेम बनवणाऱ्यांना हे ठाऊक असणार, कारण पुढच्या मजल्यांवर त्यांनी एकाच चौकोनात चौघे दाटीने उभे राहून चालून येणारे भालाईत सांगाडे ठेवले, सरळ रेषेत मुसंडी मारणारे ओगर नावाचे धिप्पाड राक्षस ठेवले, आणि अरुंद बोळात आपण शिरल्यावर मागची भिंत उघडून तिथूनही शत्रू सोडले. त्याने लढाई अवघड झाली, पण नाचाला पर्याय उभा राहिला नाही. नाचायला जागा मिळू नये एवढीच तजवीज झाली. ओगरसमोरची माझी पहिली लढत मला आजही आठवते, तशी त्यानंतरची एकही आठवत नाही, यातच काय ते आले.

या धावपळीत जादूगाराचे हाल विशेष होतात. त्याच्यासमोर नऊ खुणांची पाटी असते, त्यातील योग्य खुणा माउसने उजळवून मग मंत्र सोडायचा असतो. कल्पना सुंदर आहे. खुणांची जुळणी पाठ असेल आणि कौशल्य पुरेसे असेल, तर चर्मपत्र हाती लागण्याआधीही मंत्र टाकता येतो. म्हणजे ज्ञान पात्राचे नसून खेळाडूचे असते, आणि ही ‘डंजन मास्टर’कडून आलेली श्रीमंती आहे. पण एका हाताने सरकायचे, दुसऱ्या हाताने तिघांची शस्त्रे चालवायची आणि मधेच मंत्राच्या खुणा शोधायच्या, हे करताना माझा अग्निगोल निम्म्या वेळा बंद दारावर फुटला आहे.

पात्रांची वाढ हा मला सर्वांत दुबळा भाग वाटतो. योद्धा, चोर आणि जादूगार असे तीनच पेशे आहेत, आणि कौशल्याचे गुण ठरावीक टप्पा गाठल्यावरच काही नवे देतात. टप्प्याच्या अलीकडे थांबलात तर खर्च केलेले गुण बरेचसे वाया. दिलेले परतही घेता येत नाहीत. पहिल्या खेपेला मी सर्वांना सगळे थोडेथोडे शिकवले, आणि शेवटच्या मजल्यांवर त्याची किंमत मोजली. कथेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही : आधी येऊन गेलेल्या तोरुम नावाच्या कैद्याच्या चिठ्ठ्या वाटेत सापडतात, विश्रांती घेताना स्वप्नात कोणीतरी बोलते, आणि तेवढ्यावर एकटेपणा छान तोलला जातो. शेवटची लढत कोणाशी आहे हे मी सांगणार नाही. ती चमत्कारिक आहे आणि मला आवडली.

ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाने यातील बऱ्याच उणिवा मनावर घेतल्या. भुयाराऐवजी एक बेट मिळाले, उघडे आकाश मिळाले, पेशांची संख्या वाढली. त्यातला शेतकरी तर शत्रूला मारून नव्हे, अन्न खाऊन अनुभव मिळवतो, आणि हा विनोद ज्याला सुचला त्याने घरी कोणाला तरी जेवताना नीट पाहिले असावे. नाच मात्र तिथेही आहेच. चौकोन ठेवून नाच टाळायचा असेल तर काळ थांबवावा लागतो, आणि त्याच वर्षीच्या ‘माइट अँड मॅजिक टेन’ने तेच केले : पाऊल चौकोनात, पण लढाई पाळीपाळीने. तिथे विचाराला वेळ मिळतो. ग्रिमरॉकमधली अंधारात कान टवकारून उभे राहण्याची धाकधूक मात्र तिथे मिळत नाही, आणि मला दोन्हींतून निवडायला सांगाल तर मी धाकधूकच निवडेन.

तेव्हा घ्यावा का? तुम्हाला कोडी आवडत असतील, वाट हरवायला आवडत असेल, भिंतीकडे संशयाने पाहण्यात रात्र घालवायची तयारी असेल, तर जरूर घ्यावा, आणि पहिला भागच आधी घ्यावा. लढाईसाठी किंवा पात्रांच्या गोष्टीसाठी खेळत असाल, तर घेऊ नये. घेतलात तर दोन पुढचे योद्धे, मागे एक चोर आणि एक जादूगार असा साधा संघ करावा, प्रत्येकाला एकच विद्या टप्प्याटप्प्याने शिकवावी, आणि पहिल्या खेपेला आपोआप उमटणारा नकाशा चालू ठेवावा. आलेखकागद दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवा. आणि त्यावर शाईने नव्हे, पेन्सिलने रेघा ओढा, कारण टेलिपोर्टर तुम्हाला न कळवता दुसऱ्याच कोपऱ्यात नेऊन ठेवतो आणि मग त्यापुढचे सगळे चौकोन खोडावे लागतात.