एकच फाईल, दोन उत्तरं

लोअर परळच्या आमच्या ऑफिसात नव्या मुलांना सरावासाठी मी फुटबॉलची एक फाईल देते. प्रश्न साधा: गडद त्वचेच्या खेळाडूंना रेफरी जास्त रेड कार्डं दाखवतात का? इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स, स्पेनच्या अव्वल लीगमध्ये २०१२-१३ ला असलेले २,०५३ खेळाडू, त्यांना भेटलेले ३,१४७ रेफरी, दर जोडीला एक ओळ. एकूण १,४६,०२८ ओळी, रेड कार्डाच्या रकान्यात बहुतेक शून्यच.

त्या सोमवारी दुपारी एकाचं उत्तर ‘फरक आहे’, दुसरीचं ‘ठामपणे सांगता येत नाही’. वाद चहाच्या टपरीपर्यंत गेला.

परत आल्यावर दोघांचे कोड शेजारी लावले. त्याने प्रत्येक ओळ सुटी धरली होती. पण एकच रेफरी कितीतरी ओळींत येतो, खेळाडूही. ते धरलं नाही तर खात्री उगाच फुगते. तिने क्लबचा रकाना घातला होता. दिसायला शहाणपणाचं, पण क्लब त्या एका हंगामाचा आणि कार्डं अख्ख्या कारकिर्दीची! जुनी कार्डं भलत्याच क्लबच्या खात्यात पडतात. पोझिशन मात्र घ्यायलाच हवी, बचाव करणारा सेंटर बॅक आणि कडेने हल्ला चढवणारा विंगर एका मापाने मोजता येत नाहीत. नेमकी तीच काही ठिकाणी रिकामी.

रंगाचा आकडाही हातानेच आलेला. फाईलसाठी दोन परीक्षकांनी फोटो बघून पाच पायऱ्यांवर दिलेला, आणि दोघांचं सगळीकडे जुळत नाही. साडेचारशेहून जास्त खेळाडूंचे फोटोच नाहीत, ते गळतात.

मग मी २०१८ चा निबंध उघडला. हीच फाईल २९ गटांनी सोडवली होती. २० गटांना ठळक फरक सापडला, ९ जणांना नाही. ऑड्स रेशो ०.८९ पासून २.९३ पर्यंत पसरलेले, मधला १.३१. (गडद त्वचेच्या खेळाडूला रेड कार्ड मिळण्याची शक्यता साधारण किती पट, ते हा आकडा सांगतो; १ म्हणजे फरक नाही.)

रविवारी शाळांच्या मॅचला शिट्टी वाजवणारा आमचा पोरगा म्हणाला, “मॅडम, यात फाउल कुठेत?”

नाहीतच. तसल्याच टॅकलवर दुसऱ्याला नुसता दम मिळाला असेल, तर ते या फाईलला ठाऊक नाही. मग फुटेजच बघायचं, दोघांनी, एकमेकांचा कागद न बघता. संध्याकाळी एक मॅच लावली. अर्ध्या तासाने कागद जुळवले, तर फाउलची संख्याच वेगळी.